आतून लावलेलं दार

पनवेलजवळच्या कोन गावामागे डोंगराच्या कडेला कातकऱ्यांची वाडी आहे. तिथे चिंधीचं नाव निघालं की पुढचं वाक्य तिच्या नजरेबद्दल असतं. भातं कापून झाली की वाडीतली माणसं बांधांवर उंदीर खणायला निघतात. पहार कुणाच्याही हातात असो, ती कुठे मारायची हे चिंधी सांगते. बिळाच्या तोंडाशी ती उकिडवी बसते, माती बोटांत चुरडते, हुंगते आणि सांगते, आत आहे किंवा नाही. असेल तर मागचं चोरदार कुठे आणि निजायची खोली किती हातांवर, तेही सांगते. मग पायाने जमीन ठोकत चालते आणि एका जागी थांबते. तिथेच खणायचं. उगाच चार ठिकाणी चाचपून बघायची वेळ तिने कधी कुणावर आणली नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण तलाठी सातबारा वाचतो तितक्या सहज ती बीळ वाचते.

अशा बाईला गेल्या शिमग्यानंतर हात जोडून सांगावं लागलं की माझं चुकलं. आणि तिचं चुकलेलं नव्हतं. मला राग आहे तो या गोष्टीचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाडीपासून वीस मिनिटांच्या चालीवर वेणूचा बंगला आहे. वेणू आगरी घरची. एके काळी त्यांची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. आता जमिनींवर इमारती उभ्या आहेत, मुलगा प्रणित बिल्डर आहे, आणि बंगल्याच्या फाटकावर दगडी सिंह बसलेत. पण वेणू आणि चिंधी यांची ओळख सिंहांच्या आधीची. दोघींनी एका चिखलात लावणी केली. चिंधीला बांधावरच कळा सुरू झाल्या तेव्हा वेणूने हातातल्या विळ्याने नाळ कापली, आणि मुलीचं दिपा हे नावही तिनेच ठेवलं. पुढे वेणूची शेतं गेली, पण चिंधीचं येणं चालूच राहिलं. अंगण झाडायचं, भांडी घासायची, आणि दुपारी ओटीवर बसून वेणूचे गुडघे चोळायचे. गुडघे पार कामातून गेले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि वेणू ऑपरेशनला वाघाला भ्यावं तशी भीत होती.

त्याच्या वर्षभर आधी, चैत्रात, प्रणितने काचेची एक मोठी पेटी आणली. आत दोन बोटं वाळू, वर पिवळा दिवा, आणि हातभर लांबीचे दोन सांडे. वाळवंटातली पाल म्हणा हवं तर, पण अंगाने धष्टपुष्ट, शेपूट जाड आणि काट्याकाट्यांचं. कुठून तरी कच्छकडून भाजीच्या टेंपोतून आले होते. असला प्राणी पाळणं सोडाच, जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही, हे प्रणितला ठाऊक होतं. त्यामुळे पेटी हॉलमध्ये असली तरी तिचा फोटो काढायची कुणाला परवानगी नव्हती.

चिंधीने सांडे ओळखले. पनवेलच्या बाजारात पूर्वी सांड्याचं तेल विकणारे बसत. कमरेत मोडलेले सांडे पुढ्यात मांडलेले, बाजूला स्टोव्हवर तवा, आणि गुडघेदुखीपासून नामर्दपणापर्यंत सगळ्यावर एकच बाटली. त्या चरबीत शेजारच्या म्हशीच्या चरबीपेक्षा जास्त काही गुण नाही हे डॉक्टर सांगून थकले, पण दुखणारा गुडघा कधी डॉक्टरचं ऐकतो का? चिंधीने त्याच दिवशी वेणूला सरळ विचारलं, "वयनी, तेलासाठी तर नाय ना आनलीत?"

"शी गो," वेणू म्हणाली. "प्रनितचा शौक हाय. त्याला कुत्री नाय आवडत, मांजरा नाय आवडत. ही आवडली."

चिंधीने पुन्हा विचारलं नाही. वेणूने सांगितलं म्हणजे झालं.

पेटीतल्या सांड्यांचं मात्र काही खरं नव्हतं. दिवसभर ते एकाच कोपऱ्यात काच खरवडत. दोन बोटं वाळू संपली की खाली काच, मग पुन्हा पहिल्यापासून. मोठ्याचं नाक घासून घासून सोललं होतं. माणूस जवळ आला की दोघे वाळूत डोकं खुपसायचे आणि बाकीचं सगळं अंग उघड्यावर. पाहुणे हसायचे. प्रणित म्हणायचा, "बोअर होतात साले, म्हणून मस्ती करतात." चिंधी तिथेच फरशी पुसत असायची. आठ दिवस तिने हे पाहिलं, आणि नवव्या दिवशी फडकं बादलीत टाकून म्हणाली, "बाबू, मस्ती नाय ती. घर मागतात. याला निजायला खोल जागा लागते. ती नसल तर मरल हा."

"मावशी, तुला काय माहीत? वाळवंटातला आहे तो."

"बिल ते बिल. बांधावर काय नि वालवंटात काय."

दोन दिवसांनी मोठ्याने खाणं सोडलं, तेव्हा प्रणितने ऐकलं. मागच्या अंगणात पाण्याचा जुना कोरडा हौद होता, पुरुषभर खोल, वर उंचावर पत्रा. चिंधीने ऐन तारुण्यातली दहा वर्षं वीटभट्टीवर काढली होती. कोणती माती कोसळते आणि कोणती उभी राहते हे तिच्या हातांना माहीत होतं. भट्ट्या बंद व्हायच्या दिवसांत तिने आणि नवरा गोरख याने भट्टीवरची भाजकी, भुकटी झालेली माती पाट्या भरभरून आणली, त्यात मुरूम मिसळला आणि हौद छातीभर रचला. वरच्या पत्र्याचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक पत्रा लावला, म्हणजे ऊन यावं. मग एका कडेला हाताने वीतभर तिरकं भोक सुरू करून दिलं. पुढचं तुमचं तुम्ही करा, असं म्हणून तिने सांडे आत सोडले.

चार दिवस कुणी दिसलं नाही. प्रणित चिडला. एवढ्या हौसेने आणलेला प्राणी बघायलाच मिळत नसेल तर काय उपयोग? पाचव्या दिवशी सकाळी ऊन हौदात उतरलं आणि मोठ्याचं डोकं दारात दिसलं. मग खांदे. मग अख्खा सांडा उन्हात येऊन पसरला, आणि मागून धाकटी. माणूस आला तरी लगेच पळाले नाहीत. पाठीमागे दार उघडं आहे हे त्यांना ठाऊक होतं. ज्याला लपायला जागा असते तोच मोकळा बसतो, हे वाडीतल्या कुठल्याही बाईला कळतं. प्रणितला त्याचं फार नवल वाटलं.

तिथून पुढे सांडे चिंधीचे झाले. शेवग्याचा पाला, भिजवलेले मूग, जास्वंदीची लाल फुलं. जास्वंद दिसली की थोरला तिच्या हातातून ओढून घ्यायचा. पावसाळ्यात हवा ओली झाली की ती कडेची दमट माती काढून चुलीजवळ सुकवलेली कोरडी माती घालायची. विमान डोक्यावरून खूप खालून गेलं की दोघे सुळकन आत, आणि आवाज गेला की पुन्हा बाहेर. वेणू काठी टेकत हौदापाशी यायची, खुर्ची मागवून बसायची. "खातात ना गो नीट? शेपटी भरली पायजे," म्हणायची. चिंधीला बरं वाटायचं. आपल्या वयनीला मुक्या जनावरांचा लळा लागला, असं तिने गोरखला सांगितलंही. दिवाळीपर्यंत दोघांची शेपटं मुळाशी मनगटाएवढी जाड झाली.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि एका सकाळी बिळाचं तोंड बंद दिसलं. आतून माती ढकलून दार लावून घेतलेलं. एक दिवस गेला, आठ दिवस गेले. प्रणित म्हणाला, "मावशी, संपले. डेड आहेत दोघं आत. काढून टाकू."

चिंधी हौदाच्या कडेवर बसून हसली. "मेलेला कवा दार लावतो का, बाबू? निजलीत ती. थंडीभर निजनार. शिमगा झाला, ऊन तापला, की उघडतील."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर परत कंदी कुनाला बिल दाखवनार नाय मी."

हे ती वाडीतही सांगून बसली. वाडीत लोक खूश झाले, कारण बंगल्यातल्या माणसाला आपल्यातली बाई काही शिकवते आहे हे रोज घडत नाही. शिमग्याची वाट बघायला आता एक कारण जास्त झालं होतं.

त्या आठवड्यात दुपारी वेणू हौदाशी आली. प्रणित तळोज्याला साइटवर गेला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. "चिंधे, खरंच निजलीत का गो? कुठं असतील नेमकी?" तिने विचारलं. "मला कलत नाय बघ तुला कसा समजतो ते."

माणसाला आपल्या कसबाबद्दल कुणी कौतुकाने विचारलं की त्याची जीभ सैल होते. चिंधी हौदात उतरली. अनवाणी टाचेने माती ठोकत गेली, कान दिला, दोन पावलं मागे आली आणि काटकीने जमिनीवर पायलीएवढा गोल काढला. "हितं. दोन हात खाली. बोगदा डावीकडून येतो, हितं वलतो, नि ही खोली. दोगंबी येकाच खोलीत. माज्याशिवाय कुनाला नाय सापडनार." वेणूने गोलाकडे बराच वेळ बघितलं. चिंधीने पायाने गोल पुसून टाकला, आणि बजावलं की आता कुणी इथे पाऊल ठेवायचं नाही, झोपमोड झाली तर मरतील.

पौषात दिपाचं बाळंतपण आलं. चिंधी पाच दिवस मुलीकडे गेली. परत आली तेव्हा बिळाचं दार बंदच होतं. लांबूनच बघून ती समाधानाने मागे फिरली. वेणूने नातवासाठी कुंची आणि दुपटं दिलं, आणि एक बाटली पुढे केली. "वैद्यानी दिलाय. या तेलानं चोल आजपासून." तेलाला कापराचा उग्र वास होता. चिंधीने हातावर घेतलं आणि चोळायला बसली. पौष, माघ, फाल्गुन, रोज दुपारी. विश्वास असला की नाकसुद्धा काम करायचं सोडतं. वेणू डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, उतार पडतोय गो, उतार पडतोय.

शिमगा झाला. होळीची राख थंड झाली, ऊन तापलं, कंपाउंडच्या भिंतीवर सरडे माना हलवायला लागले. बिळाचं दार उघडलं नाही. चिंधी रोज सकाळी हौदाच्या कडेवरूनच जास्वंदीचं एक फूल दाराशी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी सुकलेलं काठीने ओढून घ्यायची. पंधरा फुलं झाली. वाडीतल्या बायका विचारायच्या, "आली का गो वर?" ती म्हणायची, येतील. मग विचारणाऱ्याही जरा हसून विचारायला लागल्या. गोरखने विचारणंच बंद केलं.

गुढीपाडवा झाला तेव्हा तिने हात टेकले. वेणू आणि प्रणित ओटीवर चहा घेत होते, बाहेरची दोन माणसंही होती. चिंधी समोर उभी राहिली. "वयनी, माजा चुकला. मला समजला नाय. तवाच काढली असती तर कदाचित जगली असती. मीच मारली तुमची जनावरं." असं म्हणून तिने हात जोडले. पन्नाशीची बाई, सगळ्यांदेखत.

प्रणित म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, मावशी."

वेणूने कप खाली ठेवला. "जाऊ दे गो," ती म्हणाली. "जीव हाय, जातो."

हौद बुजवून टाकायचं ठरलं. प्रणित म्हणाला, साइटवरची माणसं येतील, तू त्रास घेऊ नको. पण चिंधीच्या मनाला ते पटेना. आपल्या हातचं खाल्लेली जनावरं, ती कुणीतरी फावड्याने डेब्रिजबरोबर लोटणार. आपणच काढू आणि अंगणातल्या आवळीच्या झाडाखाली पुरू, असं ठरवून ती दुसऱ्या दिवशी सकाळीच हौदात उतरली आणि दारापाशी उकिडवी बसली. मार्गशीर्षानंतर एवढ्या जवळ ती पहिल्यांदाच येत होती.

ती माती बोटांत चुरडायला गेली आणि माती चुरडेना. आतून जनावराने लावलेलं दार पातळ असतं. डोक्याने आणि शेपटाने ढकललेली भुसभुशीत माती, मागे लगेच पोकळी. इथे माती कोपरभर ठासून भरलेली होती, ओली करून भरलेली, आणि वाळून कडक झालेली. वरच्या थरावर चार बोटांचे ठसे होते. बाहेरून दाबलेले.

चिंधी उठली आणि जिथे काटकीने गोल काढला होता तिथे गेली. वरची चार बोटं माती हाताने सारली. खाली माती पोकळ, सैल, एकदा उकरून परत लोटलेली. ती हाताने उपसत गेली, दोन हात खाली, थेट खोलीपर्यंत. खोली रिकामी होती. एका कडेला हिवाळ्यापूर्वी थोरल्याने ओढून नेलेल्या जास्वंदीचा चुरा होता. सगळ्या हौदात दुसरीकडे कुठेही खणल्याची खूण नव्हती. चाचपून बघितलेला एकही खड्डा नाही. ज्याने खणलं त्याला नेमकी जागा माहीत होती, आणि ती जागा तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती.

मग तिने आपले तळहात नाकाशी नेले. मातीच्या वासाखाली कापूर अजून होता.

वेणू ओटीवर बसली होती, पाय लांब करून, बाटली शेजारी. चिंधी पायरीशी उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. वेणूने ते हात पाहिले आणि तिला सगळं कळलं. तिने साडी गुडघ्यांवर ओढून घेतली.

"मी इचारलं होतं तुला," चिंधी म्हणाली. "पयल्या दिवशी इचारलं होतं."

"बाजारातलं खोटं असतं गो. ताजं पायजे, नि थंडीतलं पायजे, असं वैद्य बोलला होता. त्याचाच मानूस खनून गेला."

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू जागा दाखवली असतीस?"

"नाय."

"म्हनून नाय सांगितलं," वेणू म्हणाली. आवाज चढवला नाही, नजरही चुकवली नाही. मग म्हणाली, "तुमी नाय का घुशी खात, उंदीर खात? मंग येवढा काय?"

"खाते. ज्याला हातानं भरवलं त्याला नाय खनत. नि आमच्यात जो बिल दाखवतो त्याला पयला वाटा देतात, त्याच्या तोंडावर, सगल्यांसमोर. तू माजा वाटा माज्या हातावर ओतलास नि मलाच चोलायला लावलास. तीन महिने. नि काल मी हात जोडले तवा बोललीस, जीव हाय, जातो."

चिंधी एवढी वर्षं या ओटीवर खालच्या पायरीवर बसत आली होती. आज ती वर चढून आली. "मला काय नको तुज्याकडून," ती म्हणाली. "काल जी मानसं हितं बसली होती त्यांच्यासमोर येवढंच बोल, की चिंधीचं चुकलं नवतं. जनावरं जिती होती."

"येडी हायस का? केस होल प्रनितवर." वेणू पुढे झुकली आणि तिने चिंधीचा मातीचा हात धरला. आता तिच्या आवाजात खरीखुरी काळजी होती, आणि तीच ऐकायला सगळ्यात वाईट होती. "नि वनखात्याची मानसं पयली कुठं येतील? हितं नाय येनार गो. तुज्या वाडीत येतील. सांडे कुनी पकडले म्हनून तुज्या गोरखला नेतील. मी तुज्यासाठी बोलते."

हे खोटं नव्हतं. चिंधीने हात सोडवून घेतला आणि ती पायऱ्या उतरली. फाटकाबाहेर पडेपर्यंत वेणू हाक मारत होती. ती वळली नाही.

वाडीत सकाळची उन्हं पसरली होती. गोरख पहारीला नवीन टोक करून आणून दाखवत होता, चार-पाच माणसं जमली होती. चिंधीला अवेळी परत आलेली बघून सगळ्यांनी माना वळवल्या. मेली होती असं सांगावं आणि सोडून द्यावं, तिच्या मनात आलं. तसं सांगितलं तर तिची नजर गेली, एवढंच लोक म्हणतील. म्हातारी होत चाललेल्या बाईची नजर जायचीच. पण तिला ते सांगवेना.

"मेली नवती," ती म्हणाली. "थंडीतच खनून काढली. तेल केलं."

"बंगल्यातल्यांनी?" गोरखने विचारलं.

"हो."

बायकांनी शिव्या घातल्या. गोरखला मात्र कळेना. तो उंदीर खणणारा माणूस, त्याचं डोकं त्याच्या कामाच्या वाटेने चालत होतं. "येवढा मोठा हौद. सगला उकरून काढला असंल."

"नाय. येकच खड्डा. बरोबर खोलीवर."

गोरखने पहार खाली टेकवली. "त्यांना कुठं कलतं बिल? दाखवलं कुनी?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने एकदा आपल्या हातांकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"मी," चिंधी म्हणाली. "मीच दाखवलं."